मा. फीडबॅक फॉर्मसाहेब यांस खुले पत्र

मु. पो. घाटनांदूर,
ता. अंबाजोगाई, जि. बीड

मा. फीडबॅक फॉर्मसाहेब,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या जिल्ह्यात ऊसतोड मजुरांचे हाल झाले की दोष द्यायची माणसं ठरलेली आहेत. हंगामात मुकादमाला शिव्या, गाडीमालकाला शिव्या, कारखान्याला शिव्या. पुढाऱ्याला तर बारमाही. तुमचं नाव मात्र आजवर कुणाच्या तोंडी आलेलं नाही. कुठल्या मोर्चात तुमच्या नावाची घोषणा नाही, कुठल्या निवेदनात तुमच्यावर कारवाईची मागणी नाही. एवढी मोठी कामगिरी करून एवढं अलिप्त राहणं येरागबाळ्याचं काम नव्हे. म्हणून हा जाहीर सत्कार.

आधी वाचकांना तुमची ओळख करून देतो. मानवी तस्करीचा गुन्हा कसा ओळखावा, त्याचा तपास कसा करावा आणि खटला कसा चालवावा, हे शिकवण्यासाठी पोलीस अधिकाऱ्यांच्या आणि सरकारी वकिलांच्या कार्यशाळा होतात. दीपप्रज्वलन होतं, पुष्पगुच्छ होतात, स्लाइडी सरकतात, गटचर्चा होतात. मग आभारप्रदर्शन आणि जेवण यांच्या मधल्या पाच मिनिटांत तुम्ही अवतरता. एकपानी, सुटसुटीत, चौकटी आखलेले. व्याख्यात्यांचं विषयावरचं प्रभुत्व कसं वाटलं? सभागृहाची व्यवस्था कशी होती? दिलेलं साहित्य उपयुक्त वाटलं का? भोजन? समोर पर्याय: उत्कृष्ट, उत्तम, बरे, असमाधानकारक.

आणि सगळे ‘उत्कृष्ट’वर खूण करतात. का करू नये? फॉर्म गोळा करायला वरिष्ठांच्या कार्यालयातलाच माणूस उभा असतो. पिशवीत नवी वही आणि पेन असतं. कुणाला बंदोबस्ताला परतायचं असतं, कुणाला उद्याच्या तारखेची तयारी करायची असते. अशा घाईत माणूस एका दमात वरपासून खालपर्यंत खुणा करत जातो आणि तुमचा गठ्ठा अहवालाला जोडला जातो. अहवालात लिहिलं जातं की प्रशिक्षण यशस्वी झालं. लग्नाच्या पंगतीत ‘जेवण कसं झालं’ एवढं विचारून ‘संसार सुखाचा झाला’ अशी नोंद करावी, तसा हा प्रकार.

साहेब, आता जरा आमच्याकडे बघा. परळी–विकाराबाद लोहमार्गावर आमचं स्टेशन आहे. पण आमच्या पट्ट्यातली माणसं हंगामाला निघतात ती बहुतेक रस्त्यानेच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर ट्रकात. दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावागावांतून टोळ्या हलतात. सोबत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळी, लेकरं आणि झोपडीचं सामान. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसं मोजायची ही पद्धत तुम्हालाही आवडेल, त्यात नाव लिहावं लागत नाही.

कोयत्याला पावसाळ्यातच उचल मिळालेली असते. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. कारखाना वाहतूकदाराशी, म्हणजे गाडीमालकाशी, करार करून त्याला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला देतो, मुकादम घरोघरी वाटतो. ते पैसे लेकीच्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात केव्हाच संपलेले असतात. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ते फेडायचे. टनामागे दर, एका दिवसाचा खाडा पडला तर दंड, आणि हिशेबाची वही मुकादमाच्या पिशवीत. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर अंगावर बाकी राहते आणि पुढच्या सालाची उचल त्या बाकीवर चढते.

प्रत्येक उचल म्हणजे तस्करी, असं मी म्हणत नाही. धंद्यात आगाऊ पैसे घेणं-देणं चालतं, आणि कैक मुकादम स्वतःच कधीकाळी कोयता धरलेले असतात. पण आजारी बाईला फडातून घरी जाऊ दिलं नाही, बाकी फेडल्याशिवाय तळ सोडायचा नाही म्हणून बाप्याला खोलीत कोंडलं, बापाच्या बाकीपोटी पोराला गाडीत घातलं, की तो व्यवहार पैशाचा राहत नाही. तो कुठे बदलला हे ओळखणं, हेच तर त्या कार्यशाळेत शिकायचं असतं. ते कुणी शिकलं का, हे तुम्ही विचारता का हो? नाही. तुम्ही ध्वनिक्षेपकाबद्दल विचारता.

कायदा कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्हींना मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीचं कर्जच रद्द ठरवलं. मजुराने ‘हे वेठीचं कर्ज आहे’ असं म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ ने सावकारावर टाकली. रद्द झालेल्या कर्जापोटी वसुली करणं हासुद्धा त्या कायद्याने गुन्हा आहे. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावं लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण भूक आणि गरिबीही माणसाला सक्ती करते. २०१३ मध्ये भारतीय दंड विधानाचं कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं. तेच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १४३ झालं. फसवून, धाकाने किंवा आमिष दाखवून, शोषणासाठी माणूस भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, ताब्यात घेणं, सगळं त्यात आलं. शिक्षा किमान ७ वर्षं, एकाहून जास्त माणसं असतील तर किमान १० वर्षं ते जन्मठेप. आणि पीडिताची संमती होती की नव्हती, हे गैरलागू. म्हणजे ‘तो आपल्या पायानं गाडीत बसला’ हा बचाव कायद्याने तेव्हाच निकालात काढला.

हे सगळं स्लाइडवर असतं. ठळक अक्षरांत असतं. ‘साहित्य उपयुक्त वाटले का?’ उत्कृष्ट.

मग एका संध्याकाळी कुणी बाई ठाण्यात येते. म्हणते, नवऱ्याला तिकडं डांबून ठेवलंय, पैसे भरा नाहीतर सोडत नाही म्हणतात. ठाणे अंमलदार विचारतो, उचल घेतली होती का? ती खरं बोलते, घेतली होती. संपलं. पैशाची देवाणघेवाण आहे, दिवाणी बाब आहे, आपसात मिटवा. फार तर एक अदखलपात्र नोंद. आणि घटना दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणजे हद्दही आपली नाही. वास्तविक हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवून ती पुढे पाठवता येते, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलंय. तेही स्लाइडवर होतं.

त्याच वेळी दुसऱ्या टोकाला, उचल घेऊन मजूर आले नाहीत म्हणून गाडीमालकाची फिर्याद फसवणुकीच्या गुन्ह्यात नोंदली जाते. पश्चिम महाराष्ट्रातल्या ठाण्यांना असे गुन्हे रोजचे. गाडीमालकाचं खरंच नुकसान होतं, ते खोटं नाही. पण एकाच वहीतला एकच व्यवहार. देणाऱ्याने सांगितला की फौजदारी, घेणाऱ्याने सांगितला की दिवाणी. प्रशिक्षणाचा परिणाम मोजायचा तर याहून सोपी परीक्षा कुठली? पण ती घ्यायला सभागृह सोडावं लागतं, आणि तुम्हाला उन्हाचा त्रास.

तुमच्या समर्थकांचा मुद्दा मला ठाऊक आहे. पोलिसांनी गुन्हे नोंदवले नाहीत असं नाही. बरोबर. जून २०२३ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी ११ मजूर सोडवले. त्यांच्याकडून विहिरी खोदून घेत होते आणि पळून जाऊ नयेत म्हणून साखळदंडाने बांधत होते. त्यातला एक जण कसाबसा निसटला, आपल्या हिंगोली जिल्ह्यात पोचला आणि त्याने पोलिसांना सांगितलं तेव्हा प्रकार उघडा पडला. तिथे कलम ३७० लागलं. पोलिसांचं कौतुक आहेच. पण साहेब, साखळदंड लोखंडाचा होता, तो पंचनाम्यात जप्त करता आला. आमच्याकडे माणूस बांधला जातो तो वहीतल्या आकड्याने. तो दिसण्यासाठीच तर प्रशिक्षण हवं. लोखंड ओळखायला कुणाला कार्यशाळा लागते?

तसंच इगतपुरीचं. २०२२ मध्ये कातकरी पाड्यांवरची लेकरं काही हजार रुपयांत, वर एखादी मेंढी देऊन, मेंढ्या वळायला दिल्याचं उघड झालं. कधी? एका मुलीचा जीव गेल्यावर. नाशिक-नगर पट्ट्यात मग गुन्हे नोंदले, मुलं सोडवली. त्याआधी ती मुलं उघड्या माळावर, सगळ्यांच्या नजरेसमोर मेंढ्यांमागे फिरत होती. तस्करी म्हटलं की डोळ्यांपुढे बंद खोली, छापा आणि तोंड झाकलेल्या मुली येतात. तो गुन्हा भयंकरच आहे, आणि त्याविरुद्ध कामाठीपुऱ्यातल्या ‘प्रेरणा’सारख्या संस्थेने महाराष्ट्रात लढून २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून मार्गदर्शक निकालही मिळवला. पण दिवसाढवळ्या, भांड्याकुंड्यांसकट, हलगी वाजवत निघालेली ट्रॉली त्या चित्रात बसत नाही. म्हणून ती दिसत नाही.

आता सरकारी वकिलांकडे वळू. त्यांनाही तुम्ही भोजनाचं विचारलंच असेल. कलम १४३ चा खटला सत्र न्यायालयात. वेठबिगार कायद्याखालची चौकशी, मुक्तता प्रमाणपत्र आणि खटला महसूल अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. एकच माणूस, दोन फायली, दोन कचेऱ्या. सरकारी वकिलाच्या हाती कागद येतात ते बहुधा दोषारोपपत्र गेल्यावर. त्यात मजुराचा जबाब असतो, मारहाणीचा दाखला असतो. नसतं ते गुन्ह्याचं मूळ: मुकादमाची वही, वाहतूकदाराशी झालेला करार, कोऱ्या स्टॅम्पवर घेतलेले अंगठे, उचल कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात गेली त्याचा उतारा, फोनवरच्या धमक्यांचा माग. हे पहिल्या आठवड्यात जप्त झालं नाही तर पुढे मिळत नाही. मग भरती कुणी केली, नेलं कुणी, ठेवून घेतलं कुणी, हा धागाच तुटतो आणि तस्करीचा खटला साध्या मारहाणीवर येऊन थांबतो.

पुढे साक्षीदार. फिर्यादी मजूर सुटून गावी येतो. खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन हंगाम उलटतात. समन्स घेऊन हवालदार डिसेंबरात येतो, दाराला कुलूप. साक्षीदार मिळून आला नाही, असा शेरा पडतो. मिळणार कसा, तो बेळगावकडच्या फडात. आणि एप्रिलमध्ये तो कोर्टात आलाच, तर मधल्या काळात नव्या उचलीसाठी त्याच गोतावळ्यातल्या मुकादमापुढे हात पसरून आलेला असतो. तो फितूर होतो यात नवल नाही. नवल हे, की ऊसतोडीचा हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो याचा हिशेब धरून जबाब लवकर न्यायाधीशांपुढे नोंदवून घ्यावा, तारखा उन्हाळ्यात मागाव्यात, हे कुणाला शिकवलं का आणि ते कुणी केलं का, याची एकही चौकट तुमच्या अंगावर नाही.

परिणाम आकड्यांत बघायचा असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची २०२० सालची माहिती घ्या. देशभरात मानवी तस्करीचे १,७१४ गुन्हे. दोषारोपपत्र गेलेल्यांचं प्रमाण ८५ टक्क्यांवर. आणि दोषसिद्धी १०.६ टक्के. कागद कोर्टापर्यंत छान पोचतो. पुढे काय होतं, ते शेवटच्या आकड्यात आहे. आणि आरोपी सुटला म्हणून मजुराचं काही बिघडत नाही असंही नाही. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत सुटलेल्या वेठबिगाराला एक ते तीन लाखांपर्यंत मदत आहे, पण तातडीचे काही हजार सोडले तर मोठ्या रकमेची गाठ खटल्याशी बांधलेली. म्हणजे तपास कच्चा राहिला की मार एकाच माणसाला दोनदा.

साहेब, तुमचं शास्त्र मी थोडं वाचलंय. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, शिकणाऱ्याला कसं वाटलं. दुसरी, तो काय शिकला. तिसरी, कामावर परतल्यावर त्याचं वागणं बदललं का. चौथी, त्यातून निष्पन्न काय झालं. तुम्ही पहिल्या पायरीवर बसलात ते बसलातच. वर जाणाऱ्यांनाही वाट देत नाही. या देशात या विषयावरचं प्रशिक्षण काही आजचं नाही. २००६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय यांनी पोलीस आणि सरकारी वकिलांसाठी मोठा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, गोवाही होता. अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष त्यानंतरच आले. तेव्हापासून कार्यशाळा होत आल्या. कार्यशाळेच्या अहवालात पहिला आकडा मात्र किती जण प्रशिक्षित झाले हाच. प्रशिक्षित अधिकाऱ्याची तीन महिन्यांत वाहतूक शाखेत बदली झाली, तरी तो आकड्यात प्रशिक्षितच.

तुमच्या बाजूनेही दोन शब्द बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. परिणाम मोजणं अवघड आहे. शिक्षा होणं न होणं एका वर्गावर ठरत नाही. त्यात साक्षीदार, न्यायालयातली गर्दी, समोरचा वकील, सगळं आलं. नुसता दोषसिद्धीचा टक्का मोजला तर अधिकारी सोपेच गुन्हे तस्करी म्हणून नोंदवतील आणि अवघड गुन्हे टाळतील. आणि प्रशिक्षणानंतर नोंदलेले गुन्हे वाढले तर ते अपयश नव्हे. जे आधी दिसत नव्हतं ते दिसू लागलं, असा त्याचा अर्थ असू शकतो. हे सगळं मान्य. पण अवघड आहे म्हणून पंगतीचं मत घेऊन मोकळं व्हायचं, हे कुठलं शास्त्र?

तेव्हा तुम्हाला निवृत्त करा असं मी म्हणत नाही. तुम्ही भोजनापुरते राहा. बाकीचं काम दुसऱ्यांना द्या. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाला एका पानाची हकीकत द्यावी: ऊसतोडीची, वीटभट्टीची, मेंढ्या वळणाऱ्या पोराची. यात गुन्हा आहे का, कोणता, पहिल्या दिवशी काय जप्त कराल, हे लिहून घ्यावं. वर्ग संपल्यावर दुसरी हकीकत, तेच प्रश्न. फरक दिसेल, नाहीतर दिसणार नाही. सहा महिन्यांनी त्यांच्या ठाण्यांतल्या फायली चाळाव्यात, आणि ज्या ठाण्यांतून कुणी आलंच नव्हतं तिथल्याही, म्हणजे तुलना होईल. परत पाठवलेल्या तक्रारदारांच्या अदखलपात्र नोंदीही बघाव्यात, कारण खरं उत्तर तिथे आहे. पोलीस, सरकारी वकील आणि उपविभागीय अधिकारी यांना एकाच बाकावर बसवावं, एकच फाइल पुढे ठेवून. आणि हे तपासायला येणाऱ्यांनी पावसाळ्यात उचल वाटताना यावं, नाहीतर हंगाम संपून माणसं परतल्यावर. दिवाळीनंतर घाटनांदुरात येऊन ‘परिस्थिती शांत आहे’ असं लिहू नये. शांत असणारच, माणसंच नसतात.

शेवटी, तुमच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छापायला काही प्रश्न पाठवतो. जागा पुरेल.

गेल्या सहा महिन्यांत मजूर डांबून ठेवल्याची तक्रार घेऊन कोण कोण आलं, आणि त्यांतल्या कितींना तुम्ही ‘आपसात मिटवा’ म्हणालात?

उचलीच्या व्यवहारात मुकादमाची वही शेवटची कधी जप्त केली?

सरकारी वकिलांना दोषारोपपत्राआधी किती वेळा फोन केला?

मुक्तता प्रमाणपत्रासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांना कधी लिहिलं, आणि ते मिळालं का?

तुम्ही सोडवलेल्या मजुराच्या अंगावरची बाकी आज कोण मागतं आहे?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अधिकाऱ्याकडून घेऊ नये, मजुराकडून घ्यावं. त्याला लिहिता येत नसेल तर कुणी लिहून घ्यावं. आणि त्यासमोर ‘उत्कृष्ट’ची चौकट छापू नये.

कळावे,
आपल्या कामगिरीने दिपलेला
एक घाटनांदूरकर